आधी कॅबिनेटला हात, मग रॅमला

प्रश्न : पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जुळवणार आहे. सगळे भाग येऊन आठवडा झाला, पण खोकी उघडायची हिंमत होत नाही. मैत्रीण म्हणते, अंगावरची स्थिर वीज काढून टाकणारा मनगटी पट्टा घातल्याशिवाय मदरबोर्डकडे बघूही नकोस, एका स्पर्शात जळतो. दादा म्हणतो, त्याने चार-पाच मशिनं जुळवली, कधी काही घातलं नाही आणि कधी काही झालं नाही. हा सगळा पट्टे विकणाऱ्यांचा धंदा आहे म्हणे. माझ्या खोलीत गालिचा आहे आणि सध्या दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो. पट्टा तर आणून ठेवलाय, पण त्याचं दुसरं टोक कुठे लावायचं? नळाच्या पाइपला? सॉकेटच्या अर्थिंगच्या भोकात? की वायर नसलेला पट्टा मिळतो तो घ्यावा? आणि माझ्या हातून चूक झालीच, तर मला कळेल का?
– धास्तावलेली

उत्तर : आठवडाभर खोकी तशीच पडून आहेत हे वाचून हसू आलं, आणि जरा वाईटही वाटलं. ती या सुट्टीत उघडली जावीत म्हणून सविस्तर लिहितो.

तुमची मैत्रीण म्हणते ते निम्मं खरं आहे. दादा म्हणतो तेही निम्मंच. मैत्रिणीला धोका कळलाय पण त्याचं माप चुकलंय. दादाला अनुभव आहे, पण आपल्याला काही झालं नाही ते का, हे त्याला माहीत नाही.

दाराच्या कडीपासून सुरुवात करू, कारण तुमच्याकडचं सगळ्यात चांगलं मोजमाप तेच आहे. दोन वस्तू एकमेकींना टेकल्या आणि सुटल्या की एकीवरचे थोडे इलेक्ट्रॉन दुसरीकडे जातात. गालिच्यावर प्रत्येक पावलाला हेच होतं. तळवा टेकतो, सुटतो, पुन्हा टेकतो, आणि दर वेळी थोडा विद्युतभार अंगावर राहतो. यालाच स्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज म्हणतात. पायात रबरी तळाची चप्पल असेल तर तो जमिनीत उतरायला वाटच मिळत नाही. मग कडी दिसते, बोट जवळ जातं, चट्.

तो चटका जाणवायला अंगावर साधारण ३००० व्होल्ट तरी लागतात. आकडा ऐकून दचकू नका. आपलं शरीर म्हणजे अगदी लहान कपॅसिटर, भार साठवणारा भाग आहे, १०० पिकोफॅरडच्या आसपासचा. हिशोब केला तर ३००० व्होल्टला त्यात जेमतेम ०.४५ मिलिज्यूल ऊर्जा साठते. एक ग्रॅम वजन साडेचार सेंटीमीटर वर उचलायला पुरेल, इतकीच. म्हणून तुमचं बोट भाजत नाही, नुसतं टोचल्यासारखं होतं.

पण तेवढीच ऊर्जा चिपच्या आत फार लहान जागेत उतरते. चिपमधल्या ट्रान्झिस्टरच्या गेटखाली ऑक्साइडचा विद्युतरोधक थर असतो, काही मोजक्या नॅनोमीटर जाडीचा. सिलिकॉन डायऑक्साइड साधारण एका नॅनोमीटरमागे एक व्होल्ट एवढ्या ताणाला फुटतो. म्हणजे त्या थराची सहनशक्ती जेमतेम काही व्होल्टांची, आणि तुमच्या बोटाच्या टोकावर हजारो. चिप बनवणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. म्हणून ते चिपच्या प्रत्येक पायाजवळ (पिनेजवळ) संरक्षक डायोड घालतात, आलेला झटका त्यांनी बाजूने वळवून ग्राउंडला न्यावा म्हणून. हे डायोड किती सोसतात हे तपासायला माणसाऐवजी एक सर्किट वापरतात. १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याच्यापुढे १५०० ओहमचा रेझिस्टर, बस्स. ‘ह्यूमन बॉडी मॉडेल’ असं त्याचं नाव. म्हणजे चिपच्या दृष्टीने तुम्ही-आम्ही एवढेच. ३००० व्होल्टला या सर्किटमधून क्षणभर २ अँपिअर प्रवाह वाहतो आणि सेकंदाच्या दहालाखाव्या भागात सगळं आटोपतंही.

बऱ्याच चिपा या चाचणीत १००० ते २००० व्होल्ट सोसतात, काही नाजूक असतात त्यांना शंभर-दोनशेही भारी पडतात. आता हा आकडा कडीच्या चटक्याशेजारी ठेवून बघा. ३००० च्या खाली तुम्हाला काहीच जाणवत नाही, आणि चिप मरते ती नेमकी त्या खालच्या टप्प्यात. ‘मला तर चटका बसला नाही’ या म्हणण्याला म्हणूनच काही अर्थ नाही.

मग दादाची मशिनं कशी वाचली? एक तर ते डायोड. दुसरं, बोर्डावर बसलेली चिप एकट्या सुट्या चिपेपेक्षा जरा सुरक्षित असते, कारण तिच्याभोवती ग्राउंडचा मोठा तांब्याचा थर आणि इतर भाग असतात, आणि आलेला भार पसरून जातो. तिसरं, मला खात्री आहे की दादा काम करताना सारखा कॅबिनेटच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीच्या पत्र्याला हात लावत असणार. डावा हात पत्र्यावर टेकवून उजव्या हाताने स्क्रू फिरवणं, कॅबिनेट मांडीशी धरणं, आत मनगट टेकवून केबल ओढणं. दर वेळी त्याच्या अंगावरचा भार गुपचूप वाटला जात होता आणि त्याला पत्ता नव्हता. आणि चौथं, हवा. त्याने मशिनं कोणत्या दिवसांत जुळवली ते विचारा. हवेत दमटपणा असेल तर प्रत्येक पृष्ठभागावर ओलाव्याचा अदृश्य थर असतो आणि भार त्यावरून हळूहळू निघून जातो. या क्षेत्रात नेहमी दाखवला जाणारा एक तक्ता आहे. त्यात गालिच्यावर चालण्याने हवा अगदी कोरडी असताना ३५,००० व्होल्टपर्यंत आणि दमट असताना १,५०० व्होल्टपर्यंत, असे आकडे दिलेले असतात. साध्या व्हिनाइलच्या फरशीवर तेच १२,००० आणि २५०. माणूस तोच, चालणं तेच. तुम्हाला सध्या कडीचे चटके बसताहेत, म्हणजे तुमच्याकडची हवा आज कोरड्या रकान्यात आहे. दादाचा अनुभव दमट रकान्यातला असू शकतो.

म्हणून पट्ट्याच्याही आधी जागा बदला. गालिच्याच्या खोलीत हे काम करू नका. उघडी फरशी असलेली दुसरी खोली घ्या आणि टेबलावर मांडा. लाकडी टेबल उत्तम. त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर किंवा लोकरीची चादर असेल तर काढून टाका. अनवाणी बसा किंवा सुती मोजे घाला. अंगात सुती कपडे असू द्या. लोकरीचा स्वेटर आणि सिंथेटिक जॅकेट त्या दिवसापुरतं खुंटीवर. हीटर लावून खोली तापवली असेल तर हवा आणखी कोरडी होते, एसीनेही ओलावा कमी होतो. आर्द्रता ४० ते ६० टक्के असेल तर काम बरंच सोपं होतं. मोजायचं साधन नसेल तर कडी आहेच. चटके बसणं थांबलं की हवा सुधारली समजा.

खुर्चीचं मात्र कुणी सांगत नाही. फोमच्या गादीच्या खुर्चीवरून उठणं हे गालिच्यावर चालण्याच्या जवळपास जातं. त्याच तक्त्यात कोरड्या हवेत १८,००० व्होल्ट. तुम्ही बसून काम करता, स्क्रूड्रायव्हर आणायला उठता, परत येता आणि थेट रॅम उचलता, तिथे गडबड होते. एक तर उभ्याने काम करा, नाहीतर उठल्यावर बोर्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटला हात लावायचा असा नेम करा.

या सगळ्याचं मूळ एकाच गोष्टीत आहे. नुसत्या व्होल्टेजने काही बिघडत नाही. बिघडतं ते दोन वस्तूंमधल्या फरकाने. तुमच्या अंगावर ५००० व्होल्ट असतील आणि बोर्डावरही नेमके तेवढेच असतील, तर तुम्ही त्याला हात लावलात तरी काहीच वाहणार नाही. तारेवर बसलेल्या पक्ष्याला काही होत नाही, तसंच. म्हणजे आपल्याला साधायचंय ते एवढंच, की तुम्ही, कॅबिनेट आणि हातातला भाग हे तिघं एका पातळीवर राहावेत. जमिनीशी जोडलेले असतील तर उत्तम, पण नसले तरी आपापसात जोडलेले असणं जास्त महत्त्वाचं. हे एकदा पटलं की तुमच्या पत्रातल्या पाइपांचं आणि भोकांचं उत्तर आपोआप मिळतं.

नळाच्या पाइपला लावू नका. हल्ली पाइप बहुतेक प्लॅस्टिकचे असतात आणि वर नळ नुसता शोभेपुरता धातूचा. तुम्ही पट्टा लावून निश्चिंत व्हाल आणि तो कशालाच जोडलेला नसेल. सॉकेटच्या भोकात वायर खुपसणं तर अजिबात नाही. हे मी रागावून लिहितोय असं समजा. भोक चुकलं, वायर सरकली किंवा घरातली अर्थिंगच उलटसुलट जोडलेली असली, तर चिप वाचवण्याच्या नादात जीव जाईल. पट्ट्याची क्लिप लावायची ती कॅबिनेटच्या पत्र्याला. मात्र रंग नसलेल्या जागी, कारण रंगाचा थर विद्युतरोधक असतो आणि काळ्या चकचकीत कॅबिनेटला नुसती क्लिप अडकवून काही उपयोग नाही. मागच्या बाजूला कार्डांच्या पट्ट्या असतात तिथली उघडी कड, स्क्रूच्या भोकाची आतली बाजू किंवा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा ठोकळा) बसवलेले स्क्रू, यांतलं काहीही चालेल.

पट्ट्याच्या आत १ मेगाओहमचा, म्हणजे दहा लाख ओहमचा रेझिस्टर असतो. एवढा मोठा रेझिस्टर असताना भार जातो कसा, असं वाटणं साहजिक आहे. पण तुमच्या अंगावरचा भार इतका थोडा असतो की दहा लाख ओहममधूनही तो सेकंदाच्या हजाराव्या भागात ओसरतो. आणि चुकून २३० व्होल्टच्या जिवंत तारेशी संबंध आलाच, तर त्या रेझिस्टरमुळे प्रवाह ०.२३ मिलिअँपिअरवर अडतो, जो सहसा जाणवतही नाही. म्हणून घरच्या घरी नुसती वायर मनगटाला गुंडाळून पट्टा करायचा नाही. मल्टिमीटर असेल तर आतल्या धातूच्या चकतीला एक टोक आणि क्लिपला दुसरं लावून बघा, १ मेगाओहमच्या जवळपास दिसलं पाहिजे. काहीच दिसलं नाही तर वायर आतून तुटलीय. शून्य दिसलं तर तो पट्टा वापरू नका. घालताना चकती कातडीला चिकटली पाहिजे, बाहीवर नको, सैल बांगडीसारखा लोंबता नको. हात फार कोरडे पडले असतील तर आधी थोडं मॉइश्चरायझर लावून ते पूर्ण मुरू द्या.

वायर नसलेल्या पट्ट्याबद्दल एवढंच, की घेऊ नका. भार अंगावरून निघून कुठे तरी गेला पाहिजे, आणि त्या पट्ट्यात जायला वाटच नाही. पट्टे विकणाऱ्यांचा धंदा असं दादा ज्याला म्हणतो ना, तो हा.

आता, पट्टा हवाच का? तुम्ही आणलाय, हवा कोरडी आहे आणि पहिलीच वेळ आहे, तर घाला. त्याचा खरा फायदा असा की तो विसरत नाही. आपण विसरतो. पण पट्टा नसता तरी मी तुम्हाला थांबा असं म्हटलं नसतं. दर मिनिटा-दोन मिनिटांनी आणि प्रत्येक नवा भाग उचलण्याआधी उघड्या पत्र्याला हात लावणारा माणूस, पट्टा घालून तो कशालाच न जोडणाऱ्या माणसापेक्षा कितीतरी सुरक्षित. आणि अंगावर खूप भार असल्याची शंका असेल, तर पहिला स्पर्श किल्लीने करा. किल्ली बोटांत घट्ट धरायची आणि तिचं टोक पत्र्याला टेकवायचं. भार तितकाच जातो, पण बोटाला टोचत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी हात मागे घ्यावासा वाटत नाही.

प्लग लावून ठेवायचा की काढून, हा वाद तुम्ही ऐकला असेल. प्लग लावून एसएमपीएसचं मागचं बटण बंद ठेवलं की अर्थिंगची तार जोडलेली राहते आणि अख्खं कॅबिनेट जमिनीच्या पातळीला येतं, असं म्हणणारे चुकत नाहीत. फक्त त्यात तीन गोष्टी धरून चालावं लागतं. घरातली अर्थिंग खरंच चालू असावी, बटण खरंच बंद असावं, आणि मध्येच ‘चालतंय का बघू’ म्हणून ते कुणी दाबू नये. बटण चालू राहिलं तर कॉम्प्युटर बंद दिसत असतानाही मदरबोर्डवर ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा येत असतो, आणि अशा वेळी रॅम काढ-घाल केली तर तो बिघाड स्टॅटिकचा नसतो, थेट विजेचा असतो. पहिल्या वेळी माझं ऐका आणि प्लग काढून ठेवा. पातळी एक राखायला कॅबिनेट पुरेसं आहे. आणि एसएमपीएसचं झाकण कधीच उघडायचं नाही, पट्टा घालून तर नाहीच नाही. त्यातले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भरलेले राहू शकतात.

सुरुवात एसएमपीएस कॅबिनेटमध्ये स्क्रूने बसवण्यापासून करा. तो जड धातूचा ठोकळा पत्र्याला पक्का बसला की हात लावायला चांगली मोठी जागा तयार होते. मग मदरबोर्डचं खोकं कॅबिनेटशेजारी आणा. आत बोर्ड चंदेरी पिशवीत असेल. पिशवी लगेच फाडू नका. एक हात कॅबिनेटवर, दुसऱ्या हाताने पिशवी धरा, दोन-तीन सेकंद थांबा. पिशवीच्या बाहेरच्या थरावरून भार हळूहळू वाटला जातो आणि ती तुमच्या पातळीला येते. मग बोर्ड बाहेर काढा, कडेला धरून, आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. चंदेरी पिशवीवर ठेवायची पद्धत आहे, पण मला ती पटत नाही. ती पिशवी संरक्षण करते ते आत ठेवलेल्या वस्तूचं, कारण तिच्यात धातूचा पातळ थर असतो आणि बाहेरचा झटका तो बाहेरच अडवतो. वर ठेवलेल्या वस्तूला तो लाभ नाही. शिवाय काही पिशव्या, विशेषतः काळ्या, चांगल्या वाहक असतात आणि बोर्डावर घड्याळासाठीची छोटी बॅटरी लावलेली असते, खालून शॉर्ट कशाला करायचं? गुलाबी पिशव्याही दिसतील. त्या स्वतः भार धरत नाहीत एवढंच, बाहेरून आलेला झटका त्या अडवत नाहीत. त्यामुळे गुलाबी पिशवीतून आलेला भाग चंदेरीतल्याइतका निर्धास्तपणे इकडेतिकडे फिरवू नका.

प्रोसेसर, रॅम आणि ती चिंचोळी एम-डॉट-टू एसएसडी, हे तिन्ही कडांना धरायचे. सोनेरी पट्ट्यांना बोट लागता कामा नये. तिथून थेट चिपच्या आत वाट आहे, आणि बोटाचं तेल राहतं ते वेगळंच. प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये बारीक पिना असतील तर तिकडे बोटच काय, बाहीची कडही जाऊ देऊ नका. पिना वाकल्या तर वाकल्या, तिथे स्टॅटिकला दोष देता येत नाही. मदतीला कुणी असेल आणि त्याने रॅम तुमच्या हातात द्यायची असेल, तर आधी त्याच्या हाताला हात लावा किंवा दोघंही कॅबिनेटला धरून असा. दोन माणसं म्हणजे दोन वेगळे कपॅसिटर, आणि मध्ये बिचारी रॅम.

एक गोष्ट पट्ट्याने सुटत नाही, आणि माझ्या मते जुळवताना सर्वांत दुर्लक्षित तीच आहे. पट्टा तुमचा भार नेतो, कारण तुम्ही वाहक आहात. थर्मोकोल, प्लॅस्टिकची पिशवी, सेलोटेप, काचेच्या झाकणावरची संरक्षक फिल्म, हे सगळे विद्युतरोधक. त्यांच्यावरचा भार हात लावून जात नाही, तुम्ही त्यांना कॅबिनेटला घासलं तरी नाही. थर्मोकोलचे दाणे बोटांना चिकटतात आणि झटकले तरी जात नाहीत, ते या भारामुळेच. असा भारलेला ठोकळा बोर्डाजवळ आला की न टेकताही बोर्डातले इलेक्ट्रॉन एका बाजूला ढकलतो. त्या अवस्थेत बोर्ड धातूला टेकला तर झटका बोर्डातूनच निघतो, तुमच्या अंगावर शून्य भार असला तरीही. म्हणून पॅकिंगचं सगळं सामान आधी टेबलापासून हातभर लांब, शक्यतो दुसऱ्या खोलीत. मदरबोर्डच्या हीटसिंकवर (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर) किंवा एसएसडीच्या थर्मल पॅडवर पातळ फिल्म असते, ती काढायची असतेच. फक्त एका हाताने पत्र्याला धरून सावकाश सोला, फर्रकन ओढू नका. काचेच्या झाकणावरची मोठी फिल्म मात्र सगळं जुळून झाकण बाजूला उभं असताना, लांब नेऊन काढा. ती ओढताना अंगावरचे केस उभे राहतात, यावरून अंदाज घ्या. पुढे कधी धूळ साफ करायची वेळ आली तर व्हॅक्युम क्लिनरची प्लॅस्टिकची नळीही याच जातीची. धूळ तिच्या आतल्या बाजूला घासत जाते आणि तोंड भारलं जातं. हवेचा ब्लोअर वापरा, आणि पंखे बोटाने धरून ठेवा.

एकदा झाकण लागलं आणि मशीन तीन पिनांच्या प्लगने जोडलं गेलं की ही चिंता जवळपास संपते. बाहेर येणारे यूएसबीसारखे पोर्ट माणसाने कोरड्या दिवसात येऊन हात लावावा या हिशोबानेच संरक्षित केलेले असतात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. चूक झाली तर कळेल का?

बऱ्याचदा नाही. माझाच किस्सा सांगतो. कोरडे दिवस होते, अंगात लोकरीचा स्वेटर, आणि मी गालिच्यावर मांडी घालून रॅमची एक पट्टी बदलत होतो. उचलताना बारीक चट् आवाज आला, पट्टी बसवली, मशीन नीट सुरू झालं. मी विसरूनही गेलो. मग काही आठवड्यांनी फाइली कॉपी करताना मशीन आपोआप बंद पडू लागलं, कधी दिवसातून दोनदा, कधी आठवडाभर नाही. पुष्कळ दिवस मी ऑपरेटिंग सिस्टिमला शिव्या दिल्या. शेवटी रॅमची चाचणी रात्रभर चालवली, तेव्हा त्या पट्टीत चुका दिसल्या. ती त्या चट्‌मुळेच बिघडली का? आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. कारखान्यातूनच सदोष आली असेल. स्टॅटिकने अर्धवट दुखावलेला भाग आधी चालतो आणि नंतर दगा देतो हे खरं आहे, पण घरात बसून ते सिद्ध करता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली चिप उघडून पाहिल्याशिवाय खूण दिसत नाही. म्हणूनच मी त्या चट्‌ची इतकी काळजी करू लागलो. नुकसान झालं याची खात्री होती असं नाही, झालं नाही याची खात्री कधीच मिळणार नव्हती.

पण याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. तुम्ही पहिल्यांदा बटण दाबाल आणि काहीच होणार नाही, अशी शक्यता बरीच आहे. तेव्हा लगेच ‘जळलं’ म्हणून रडू नका. पहिल्या जुळवणीत मशीन सुरू न होण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. एसएमपीएसचं मागचं बटण बंदच राहिलेलं. प्रोसेसरच्या वीजपुरवठ्याची ८ पिनांची केबल लावायची विसरलेली, ही बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात लपलेली असते आणि २४ पिनांची मोठी केबल लावून झाली की माणसाला वाटतं झालं. रॅम एका बाजूने टक् वाजली, दुसऱ्या बाजूने नाही. ग्राफिक्स कार्ड लावलंय पण मॉनिटरची केबल मदरबोर्डलाच जोडलीय. कॅबिनेटमध्ये एखादा पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यावर स्क्रूने बसतो तो खुंट, जास्तीचा राहिलाय आणि बोर्डाला खालून शॉर्ट करतोय. हे सगळं प्लग काढून पुन्हा तपासा. मग रॅमची एकच पट्टी ठेवून बघा, मग दुसरी, मग खाच बदलून. बोर्डावरचे छोटे दिवे प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स यांपैकी कुठे अडलंय ते दाखवत असतील, तर त्यांचा अर्थ बोर्डाच्या पुस्तिकेत असतो. एवढं करूनही तसंच राहिलं तर भाग बदलून घेण्याचं बघा, आणि तोवर तो त्याच चंदेरी पिशवीत घालून ठेवा. पिशव्या फेकू नका म्हणतात ते यासाठी.

त्या दिवशी दादालाही बोलवा. ८ पिनांची केबल कुठे असते हे त्याला डोळे मिटून सांगता येईल. फक्त तो गालिच्यावरून चालत आला की आधी कॅबिनेटला हात लावायला लावा.